यॉट कुणाची, बंदर कुणाचं?

मार्च २०२२. इटलीतलं इम्पेरिया बंदर. धक्क्याला एक आलिशान यॉट उभी आहे, मालक रशियन अब्जाधीश, आणि इटलीच्या पोलिसांनी ती ताब्यात घेतलीय. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपियन युनियनने निर्बंध लावले, यादीत नाव आलं, विषय संपला.

आता आपण तर नेहमी ऐकतो की मूठभर बडे लोकच सगळी सरकारं नाचवतात, स्वित्झर्लंडमधल्या दावोसला जागतिक आर्थिक परिषदेसाठी जमतात, १९५४ पासून बिल्डरबर्ग या बड्या लोकांच्या खाजगी बैठकीत बंद दाराआड भेटतात वगैरे. मग ही यॉट अडकली कशी?

आंतरराष्ट्रीय राजकारणाचे वास्तववादी अभ्यासक, म्हणजे राष्ट्रांची ताकदच सगळं ठरवते असं मानणारे, म्हणतील, अडकणारच. त्यांच्यातल्याच अमेरिकेच्या केनेथ वॉल्ट्झने १९७९ मध्ये मांडलं होतं की राष्ट्रांच्या वर कुणीच नाही, त्यामुळे जगाचं राजकारण ठरतं ते बलाढ्य राष्ट्रांच्या ताकदीवर. चीनमध्येही बघा ना, नोव्हेंबर २०२० मध्ये अँट ग्रुप या ऑनलाइन पेमेंट कंपनीचा सुमारे ३४ अब्ज डॉलरचा आयपीओ लिस्टिंगच्या दोन दिवस आधी सरकारी यंत्रणांनी थांबवला, आणि संस्थापक जॅक मा यांनी जेमतेम दहा दिवस आधी बँकांच्या नियमांवर जाहीर टीका केली होती.

पटतं, पण मला हे अर्धंच वाटतं. २०१६ ला पनामा पेपर्स फुटले, परदेशात कंपन्या काढून देणाऱ्या एकाच लॉ फर्मची १ कोटी १५ लाख कागदपत्रं, आणि कंपनीचा खरा मालक कोण हे झाकून ठेवायची सोय तर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्ससारख्या ठिकाणांनी कायद्यानेच करून दिलेली होती! श्रीमंतांना सरकार नकोय असं नाहीच, त्यांना हवं तसं सरकार हवंय.

इथे कॅनडाचा अभ्यासक रॉबर्ट कॉक्स कामाला येतो. मुसोलिनीच्या तुरुंगात इटलीतला मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी याने जे लिहिलं ते कॉक्सने आंतरराष्ट्रीय राजकारणाला लावलं, की सत्ता नुसत्या दंडुक्यावर टिकत नाही, ती लोकांना साहजिक वाटावी लागते. या नजरेने दावोसकडे बघा. गुप्त आदेश वगैरे काढायची गरजच पडत नाही, अर्थमंत्री, बँकर, सीईओ, प्राध्यापक वर्षानुवर्षं भेटत राहिले की एकाच भाषेत बोलायला लागतात आणि मग खर्चकपात, खाजगीकरण हे कुणाच्यातरी फायद्याचे निर्णय आहेत हेच आपण विसरतो, वाटतं दुसरा मार्गच नाही.

उदारमतवादी अभ्यासक म्हणतात संस्था आहेत, नियम आहेत, सहकार्यात सगळ्यांचं भलं. खरंय थोडं. पण आयएमएफमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत, मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे ती एकटीच असा निर्णय अडवू शकते.

२०२१ मध्ये १३० हून जास्त देशांनी ठरवलं, बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या आग्रहापुढे जी-७ ने अमेरिकन कंपन्यांना त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदींमधून सूट द्यायचं मान्य केलं. वॉल्ट्झचा विद्यार्थी म्हणेल अमेरिका जिंकली, कॉक्सचा विद्यार्थी म्हणेल कंपन्या जिंकल्या, आणि दोघंही त्याच एका करारावर बोट ठेवून दाखवतील.