मण्याचं वेज

श्रोतेहो, नमस्कार.

गळ्यात मंगळसूत्र असेल, मोत्याचा सर असेल, नाहीतर हातात जपाची माळ असेल, तर त्यातला एक मणी चिमटीत धरा. रंग आणि चमक क्षणभर बाजूला ठेवा आणि दोरा जिथून आत शिरतो ते भोक बघा. आमच्या कामात त्याला वेज म्हणतात. मोत्याला वेज पाडलं, मण्याचं वेज झिजलंय, वेज तिरकं गेलंय, असं आमचं दिवसभर चाललेलं असतं. आज मी या वेजाबद्दलच बोलणार आहे. मण्यांच्या दागिन्यातली निम्मी मेहनत आणि बरंचसं खरंखोटं त्या एवढ्याशा भोकात असतं, आणि तिथे सहसा कुणी डोकावत नाही.

मी गेली २२ वर्षं दागिने गाठवते, म्हणजे मणी-मोती रेशमात ओवून गाठींनी बांधते. हे काम मी एका वयस्कर पटवेकऱ्यांकडे, म्हणजे दागिने गाठवणाऱ्या कारागिरांकडे, शिकले. काका जमिनीवर एक पाय लांब करून बसायचे. रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवलेला असायचा आणि बोटं इतकी झरझर चालायची की गाठ कधी बसली ते कळत नसे. पहिले काही महिने त्यांनी मला गाठ मारू दिलीच नाही. परातीत मणी ओतून द्यायचे आणि म्हणायचे, "वेजं निवड." तांदूळ निवडावेत तसे मी मणी निवडायची. वेज मधोमध आहे का, दोन्ही तोंडांशी सारखं आहे का, कडेला टवका उडालाय का. तिरक्या वेजाचा एक मणी सरात गेला तरी माळ तेवढ्याच जागी मान मोडल्यासारखी बसते. ते एकदा डोळ्यांना दिसायला लागलं की आयुष्यभर दिसत राहतं.

शिकून स्वतंत्र काम सुरू केल्यावर मी एक चूक केली. लाल अकीक दगडाची माळ होती, लग्नात द्यायची होती, वेळ थोडा होता. वेजांच्या कडा बारीक कानशीने घासून मऊ करायच्या असतात, ते मी टाळलं. कठीणपणाच्या १० पर्यंतच्या मोजपट्टीवर अकीक जवळजवळ ७ वर येतो. साधी काच आणि चाकूचं पातं साधारण साडेपाचाला थांबतं. असल्या दगडाच्या वेजाची कडा धारदार राहिली की रेशीम आतल्या आत कापत जातं आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. माळ भर मांडवात तुटली. ती मुलगी शालू आवरत सतरंजीवर मणी शोधत होती, असं तिच्या आईने मला नंतर सांगितलं. त्या दिवसापासून एकही मणी वेजावर बोट फिरवल्याशिवाय माझ्या हातातून पुढे गेलेला नाही.

मग मला प्रश्न पडला, इतक्या कठीण दगडाला आरपार भोक पाडलं कुणी आणि कसं?

ही विद्या फार जुनी आहे, आणि तिच्या खुणा आपल्या अंगणात आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे. तेव्हा आपल्याकडे शहामृग होते, आणि त्यांच्या अंड्याच्या टरफलाला मधोमध भोक पाडून ते ओवावं असं वाटणारी माणसंही होती. शेतीसुद्धा अजून कुणाला ठाऊक नव्हती, पण मणी होता. पुढे घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षं उत्खनन केलं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत अकीक आणि तत्सम दगडांचे मणी मिळाले.

हा अकीक आपल्याच दगडाच्या पोटातला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना त्यात हवेचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांमध्ये पाण्याबरोबर गारेचा, म्हणजे सिलिकाचा, अंश झिरपत राहिला, थरावर थर बसत गेले आणि अकीक तयार झाला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने आपल्या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात पैठणहून रंगीत पट्ट्यांचा हा दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे नेत असत, अशी नोंद आहे. पैठण भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर आहे, असंही तो सांगतो. पैठण म्हटलं की आपल्याला पैठणी आठवते. मला मात्र आधी त्या दगडांनी भरलेल्या बैलगाड्या दिसतात.

भडोचच्या बाजूला, नर्मदेपलीकडे, झगडियाजवळ रतनपूर आहे. तिथे विहिरीसारखे खड्डे खणून अकीक काढतात. तिथल्या टेकडीवर बाबा घोर या सिद्दी पिराचा दर्गा आहे, अकीक कारागिरांचं ते श्रद्धास्थान. इथला दगड गुजरातमधल्याच खंभातला जातो, आणि मण्याची सगळी जन्मकथा खंभातला बघायला मिळते.

खाणीतून निघालेला दगड बटाट्यासारखा मातकट दिसतो. तो लाल नसतोच मुळी. कारागीर तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेणीच्या किंवा भुश्याच्या मंद धगीवर भाजतात. दगडात लोखंडाचा अंश असतो, त्याचा पिवळट गंज उष्णतेने लाल होतो. कुंभाराच्या भट्टीत पिवळी माती लाल होते, तसंच हे. घाई केली, जाळ मोठा केला, की आतलं पाणी उसळून दगड तडकतो. मनासारखा रंग चढेपर्यंत पुन्हा पुन्हा भाजावं लागतं.

मग टवके काढायचे. जमिनीत एक टोकदार लोखंडी सळई तिरकी रोवलेली असते. दगड तिच्या टोकाला टेकवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे. लोखंडाची हातोडी चालत नाही, तिने दगड फुटतो. शिंग थोडं दबतं, म्हणून टवका हवा तेवढाच उडतो. असं करत ओबडधोबड मणी घडतो, तो सहाणेवर घासून गोल करतात आणि मग वेज पाडायला घेतात.

मणी लाकडी चापात घट्ट बसवलेला असतो. पोलादी सळईच्या टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण जडवलेले असतात. सळईला दोरी गुंडाळून धनुकलीने ती पुढे-मागे फिरवायची आणि वरून पाण्याचा थेंब थेंब सोडत राहायचा. भोक अर्ध्यापर्यंत आलं की मणी उलटा करायचा आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात करायची. सरळ आरपार गेलं तर बाहेर पडताना कडेचा टवका उडतो, म्हणून दोन्हीकडून येऊन मध्ये भेटायचं. आत काही दिसत नाही. कारागीर आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या थरथरीवरून ओळखतो की आता मध्य आला.

हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांकडे हिऱ्याचं टोक नव्हतं. त्यांच्याकडे एका खास कठीण दगडाच्या बारीक कांड्या होत्या, आणि त्यांनी १२ सेंटिमीटरपर्यंत लांब अकिकाच्या मण्यांना आरपार वेज पाडलं. जोनाथन मार्क केनोयर आणि बडोद्याचे कुलदीप भान या पुरातत्त्वज्ञांनी खंभातच्या कारागिरांमध्ये राहून हे काम अभ्यासलं. तशा दगडी टोकाने भोक पाडून पाहिलं, तेव्हा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर खोली गाठता आली. म्हणजे एका लांब मण्याचं नुसतं भोक पाडायलाच कित्येक दिवस. असे लांब मणी तिकडे इराकमध्ये, उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांत, सुमारे साडेचार हजार वर्षं पडून होते. ते सिंधूच्या कारागिरांचे आहेत हे ठरवताना अभ्यासकांनी रंगरूपावरच भागवलं नाही. वेजाच्या आतल्या भिंतीचा ठसा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. भोक कोणत्या टोकाने पाडलं, ते त्या भिंतीवर उमटलेलं असतं.

खंभातबद्दल आणखी एक गोष्ट मी सांगणारच आहे, आणि ती ऐकायला सुखाची नाही. अकीक कोरडा घासला की गारेची पिठासारखी धूळ उडते आणि फुप्फुसात जाऊन बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. खंभातमध्ये हे काम घराघरांत चालतं, त्यामुळे घासणाऱ्याबरोबर त्याची बायकामुलं आणि शेजारीही ती धूळ श्वासात घेतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने याचा अभ्यास केला आहे. पाणी सोडून घासणं आणि धूळ ओढून घेणारे पंखे बसवणं हे उपाय माहीत आहेत, त्यांना पैसे लागतात. मी ज्या व्यापाऱ्याकडून मणी घेते त्याला हे विचारते. नीट उत्तर मिळालं नाही तर घेत नाही. अकिकाची माळ घेताना तुम्हीही विचारा. दहा जणींनी विचारलं की दुकानदार पुढे विचारतो.

काचेच्या मण्याची गोष्ट अगदी उलटी आहे. मंगळसूत्रातल्या बारीक काळ्या मण्याला कुणी वेज पाडत बसत नाही. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात आधी पोकळी करतात आणि मग तो गोळा ओढत ओढत सुतासारखी लांब नळी काढतात. ती थंड झाली की तिचे तुकडे पाडायचे, पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. म्हणजे इथे आधी भोक आणि नंतर मणी. आंध्र प्रदेशात पापनायडुपेट इथे ही ओढीव मण्यांची जुनी पद्धत हाताने चालत आली. धाराशिव जिल्ह्यात तेरला जायचा योग आला तर रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात थांबा. दोन हजार वर्षांपूर्वीचे दगडाचे, शंखाचे, काचेचे मणी तिथे मांडले आहेत. कपाटाच्या काचेला नाक लावून बघा.

आता मोती. मोत्याचं वेज सगळ्यात बारीक असतं, आणि त्याला पक्कं व्यापारी कारण आहे. मुंबईच्या मोतीबाजारात मोत्याची किंमत 'चव' या मापाने ठरायची, आणि चव वजनाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वजन दुप्पट झालं तर किंमत चौपट. मग वेज पाडताना उगाच भुकटी कोण उडवणार? बसऱ्याच्या जुन्या मोत्यात आजची सुई शिरत नाही, त्यासाठी आम्ही केसासारखी तार पिळून सुई करतो. दोन मोत्यांच्या मध्ये रेशमाची गाठ मारतो ती मोती एकमेकांवर घासू नयेत म्हणून, आणि दोरा तुटलाच तर एकच मोती निसटावा म्हणून.

आता चिमटीतल्या मण्याकडे परत या. मोत्यांचा सर विकत घेताना वेज भिंगाखाली धरा. नकली मोत्याचा रंग वेजाच्या कडेला पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेल्या, मोत्यात आत घातलेला गोल मणी आणि त्यावर चढलेला शिंपल्याचा थर यांच्या मधली काळसर रेघ वेजातून दिसू शकते. संवर्धित मोती खोटा नसतो बरं का, पण नैसर्गिक म्हणून त्याची किंमत मागितली तर ती रेघ कामाला येते. फिरोजा म्हणून रंगवलेला पांढरा दगड विकतात, त्यात रंग वेजाच्या तोंडाशी साचून गडद होतो आणि आत पांढरं राहतं. बाजारातला काळा ऑनिक्स तर बहुतेक वेळा मुरवलेला अकीकच असतो. तो साखरेच्या पाण्यात भिजवून मग तेजाबात टाकतात, दगडाच्या छिद्रांतली साखर जळते आणि तिचा कोळसा आतच राहतो. हा रंग पक्का असतो. विकणाऱ्याने सांगून विकला तर माझी काही तक्रार नाही.

घरच्या दागिन्यांबद्दलही थोडं. मोती आणि पोवळं अकिकाबरोबर एकाच डबीत ठेवू नका. मोती कठीणपणात फार तर साडेचारपर्यंत जातो, अकीक त्याला ओरबाडतो. अत्तर, पावडर, वेणीफणी सगळं झाल्यावर मोती शेवटी घाला आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढा. ओलसर मऊ फडक्याने पुसा, लिंबाचा साबण लावू नका, आंबटाने मोती विरघळतो. बोरमाळेचे मणी म्हणजे लाखेवर चढवलेला सोन्याचा पातळ पत्रा, त्यांना गरम पाणी दाखवू नका. आणि गाठवलेला दागिना रोज अंगावर असेल तर दोन वर्षांनी पुन्हा गाठवून घ्या. घामाने रेशीम कुजतं.

मागच्या महिन्यात माझ्याकडे एक आजी आल्या. रुमालात तन्मणी होता, सगळे पदर तुटलेले. खोड, म्हणजे मधलं पदक, वेगळं, मोती वेगळे. त्यांच्या सासूबाईंचा. मी मोती परातीत पसरले आणि वेजं निवडायला बसले. एक मोती हाताला वेगळा लागला. त्याचं वेज एका बाजूने लांबट झालं होतं, थेंबासारखं. वर्षानुवर्षं दोरा त्याच एका बाजूला ओढला गेला होता. म्हणजे तो खोडाच्या लगत ओवलेला होता, सगळा भार त्याच्यावर होता. मी म्हटलं, "आजी, हा बदलूया, गाठ यातून निसटेल."

त्यांनी तो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. म्हणाल्या, "नको. मागे लाव, फाश्याजवळ. तिथे भार नसतो ना?"

तिथे भार नसतो. मी गाठ दुहेरी मारली आणि तो मोती मागे ओवला.