प्रोसेसर घेण्याआधी मदरबोर्डचं नाव वाचा

नमस्कार मंडळी. गेमिंग पीसी चार-पाच वर्षांचा झालाय, बजेट मोजकं आहे आणि प्रोसेसर बदलायचाय. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी नव्या प्रोसेसरच्या याद्या उघडतात. माझं म्हणणं असं, की याद्या नंतर बघा, आधी कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवर छापलेलं नाव वाचा. बोर्ड बदलला की बऱ्याचदा रॅम बदलते, कूलरची पकडही बदलू शकते आणि बजेट कोलमडतं. त्यामुळे कमी पैशातला खरा अपग्रेड म्हणजे आहे त्या बोर्डात बसणारा सगळ्यात चांगला प्रोसेसर.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न. कमी पडतोय तो प्रोसेसरच आहे ना?

हे दहा मिनिटांत कळतं. गेममध्ये व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्सची, मर्यादा दोन्ही बंद करा. रिवाट्यूनरसारखं टूल लावून ग्राफिक्स कार्डचा (जीपीयूचा) वापर आणि एफपीएस स्क्रीनवर आणा, यालाच ओव्हरले म्हणतात. आता गेममधली गर्दीची जागा शोधा: शहर, बाजार, मोठी चकमक. मोकळ्या माळरानावर केलेल्या चाचणीत काहीच समजणार नाही.

[स्क्रीनवर: ओव्हरले, जीपीयू ६४ टक्के]

ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर चाललंय? मग प्रोसेसर बदलून सरासरी एफपीएस फारसे वाढणार नाहीत, पैसे कार्डासाठी ठेवा. कार्ड ६०-७० टक्क्यांवरच रेंगाळतंय? मग संशय प्रोसेसरवर. खात्री करायला त्याच जागी उभं राहून रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. एफपीएस झपकन वाढले तर अडचण कार्डाची होती. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसरच दमलाय. फक्त रिझोल्यूशन बदला हं, बाकी सेटिंग्ज जशा आहेत तशा ठेवा. गर्दीची घनता, किती लांबपर्यंतचं दिसावं, सावल्या, यांचा भार प्रोसेसरवरही पडतो. त्या कमी केल्यात तर चाचणीला अर्थ राहत नाही.

इथे टास्क मॅनेजर फसवतो. प्रोसेसर ४० टक्केच चाललाय, म्हणजे तो मोकळा आहे, असं वाटतं. पण १२ थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी बारा कामं चालवू शकणाऱ्या, प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड तिथेच अडकलेला असतो आणि बाकीचे त्याची वाट बघत बसतात. म्हणून एकूण टक्केवारीवर जाऊ नका.

आता रॅम बघा, कारण प्रोसेसरचं वाटणारं दुखणं कधीकधी इथलंच असतं. एकच स्टिक लावली असेल तर प्रोसेसरला मेमरीचा निम्माच रस्ता मिळतो. दोन स्टिक असतील आणि बोर्डावर चार स्लॉट असतील, तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का ते बघा. पाकिटावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम एक्सएमपी बंद असताना बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते. हे फुकटात सुटण्यासारखं आहे, आधी हे करा आणि चाचणी पुन्हा घ्या.

तरी प्रोसेसरच अडतोय? मग बोर्डाकडे वळू.

सगळ्यात नशीबवान आहेत एएम४ बोर्डवाले, म्हणजे बी३५०, बी४५०, बी५५० वगैरे. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसोबत लोकांपर्यंत पोचलेलं हे सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा, आणि योग्य बायोस असेल तर त्यात रायझन ५००० मालिका बसते. रायझन ५ १६००, २६०० किंवा ३ ३२००जी वापरणाऱ्यांसाठी माझं उत्तर सरळ आहे: रायझन ५ ५६००. सहा कोअर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), ६५ वॅट. ३२००जी मध्ये चारच थ्रेड आणि ४ एमबी एल३ कॅश असते, त्यामुळे तिथून आलेल्या माणसाला गेममधले झटके कमी झालेले लगेच जाणवतील.

आता नावांचा सापळा. ५५००, ५६००जी आणि ५७००, तिन्ही ५००० मालिकेतलेच, पण तिन्हींची एल३ कॅश १६ एमबी, म्हणजे ५६००च्या निम्मी. ५७०० चे आठ कोअर बघून तो मोठा वाटतो, पण अनेक गेममध्ये सहा कोअरचा ५६०० त्याच्या पुढे जातो. त्याच्या नावापुढे एक्स लागला, म्हणजे ५७००एक्स झाला, की कॅश परत ३२ एमबी. एका अक्षराचा फरक आहे, म्हणून खरेदीआधी बॉक्सवरचं नाव अक्षर न अक्षर वाचा. कॅश एवढी महत्त्वाची का? गेमला सतत लागणारा डेटा तिथे मावला तर प्रोसेसरला रॅमपर्यंत हेलपाटा घालावा लागत नाही. ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी मध्ये ही कॅश ९६ एमबी आहे, आणि एएम४ वर गेमिंगसाठी याहून वर काही नाही. पण ते १०५ वॅटचे आहेत, सोबत कूलर येत नाही, आणि कार्ड मध्यम असेल तर त्यांची बरीचशी ताकद पडून राहील. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डाच्या भागावर) हीटसिंक नसलेल्या स्वस्त ए३२० बोर्डावर मी ते सुचवणार नाही.

अजून एक. ५५०० आणि ५६००जी मध्ये पीसीआयई, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याचा रस्ता, जुन्या, हळू ३.० आवृत्तीचा आहे. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं या रस्त्याच्या चारच लेन वापरणारं कार्ड असेल तर हा फरक बोचतो. मात्र तुमचा बोर्डच बी४५० असेल तर तो ३.० चाच, तिथे या मुद्द्याची काळजी करू नका.

इंटेलवाल्यांनो, सॉकेटच्या नावावर विश्वास ठेवू नका. एलजीए ११५१ एकच नाव, पण सहाव्या-सातव्या पिढीचे बोर्ड आठवी-नववी पिढी चालवत नाहीत. आय५-७४०० असेल तर पुढची झेप आय७-७७०० पर्यंतच, म्हणजे चार कोअर, आठ थ्रेड. तिथे जुना आय७ फारच स्वस्त मिळाला तर ठीक, नाहीतर बोर्ड बदलण्यासाठी पैसे साठवा. एलजीए १७०० बोर्डवर आय३-१२१००एफ असेल तर आय५-१२४००एफ हा सरळ, बिनधोक पर्याय. १३व्या-१४व्या पिढीचे वरचे आय७, आय९ सेकंडहँड घेताना मात्र सावध राहा. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही कायमचे अस्थिर झाले आहेत. नवं बायोस पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरून काढत नाही.

प्रोसेसर ठरला, तरी लगेच मागवू नका. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डाची सीपीयू सपोर्ट यादी उघडा. बोर्डाचं नाव आणि रिव्हिजन (बोर्डाची आवृत्ती), दोन्ही जुळवा. यादीत प्रोसेसरसमोर किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. ती, किंवा तिच्यानंतरची, जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच टाकायची. फॅट३२ केलेला पेनड्राइव्ह, त्यावर फाइल, आणि बायोसमधल्या अपडेट पर्यायातून इन्स्टॉल. हे विसरून आधी नवा प्रोसेसर बसवला तर पंखे फिरतात, स्क्रीन काळीच राहते, आणि लोकांना वाटतं प्रोसेसर खराब निघाला.

अपडेटच्या आधी बिटलॉकरची (विंडोजमधल्या ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की दुसऱ्या जागी लिहून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी यंत्रणा) रीसेट करायचं का, असा प्रश्न बोर्ड विचारू शकतो. ड्राइव्ह एन्क्रिप्टेड असेल आणि की हाताशी नसेल, तर तुमचाच डेटा तुमच्यासाठी बंद होईल.

[जवळून: कूलर आणि सॉकेट]

आता हात घालू. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि प्रोसेसर-कूलरच्या मधली, उष्णता पोचवणारी पेस्ट वाळली की कूलरला गोंदासारखी धरते. कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटची दांडी बंद असतानाही प्रोसेसर उपटून कूलरसोबत येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवा, पेस्ट गरम होऊ द्या. मग पीसी बंद, वायर काढा, स्क्रू किंवा क्लिप सोडवा, आणि कूलर डावी-उजवीकडे हळू पिळा. चिकटपणा सुटल्याचं बोटांना कळतं. त्यानंतरच उचला.

नवा प्रोसेसर ठेवताना त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणावर आणा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे, बोटाने दाबायचा नाही. ५६०० सोबतच्या कूलरला चार स्क्रू आहेत, त्यासाठी बोर्डावरचे प्लॅस्टिकचे क्लिप-ब्रॅकेट काढावे लागतात. ते सोडवताना बोर्डामागची धातूची पट्टी एका हाताने धरून ठेवा, नाहीतर ती मागे गळून पडते. या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते. दुसरा कूलर असेल तर मधोमध वाटाण्याएवढा थेंब. स्क्रू तिरपे, समोरासमोर, थोडे थोडे आवळा. आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच.

पहिल्यांदा चालू केल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी पुन्हा लावा, अपडेटने ते बंद झालेलं असतं. मग तापमान. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. गेम सुरू होताच काही सेकंदांत तापमान तिथे जाऊन धडकलं तर कूलर एका बाजूने उचललेला आहे किंवा नव्या कूलरखालची प्लॅस्टिकची फिल्म तशीच राहिलीये. उघडा आणि पेस्ट पुसून नव्याने लावून बसवा.

तापमान ठीक असेल तर त्याच गेममध्ये, त्याच गर्दीच्या जागी, १०८० वर ओव्हरले लावून उभे राहा. ६४ टक्क्यांवर अडकलेलं कार्ड आता ९५ च्या पुढे दिसायला हवं.