नत्राची वाट

पडद्यावर दिसणारा हा पांढरा गोल दाणा युरिया या खताचा आहे आणि त्याच्या वजनाचा ४६ टक्के भाग नत्र असतो. १९०९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया, म्हणजे ज्यापासून युरिया बनतो तो वायू, तयार करण्याची रीत दाखवून दिली आणि १९१३ मध्ये कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांतून जर्मनीतील ओपाऊ येथे त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले. आज जगातल्या सुमारे निम्म्या लोकांचे पोट या नत्रावर भरते, आणि हे विसरून आधुनिक शेतीला दोष देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मात्र शेतात टाकलेल्या नत्रापैकी जेमतेम निम्मेच पिकाच्या वाट्याला येते. ओल लागताच दाणा विरघळतो, मातीतले जिवाणू त्याचे आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही आणि पाण्याबरोबर ते मुळांच्या आवाक्याबाहेर खाली झिरपते. असे नायट्रेट साठलेल्या विहिरीचे पाणी घालून केलेले भुकटीचे दूध तान्ह्या बाळाला दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटून बाळ निळे पडू शकते. काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाते. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो.

बरेचसे नत्र नदीला मिळते. अमेरिकेच्या मका आणि सोयाबीनच्या पट्ट्यातून वाहणारी मिसिसिपी ते मेक्सिकोच्या आखातात नेते, तिथे शेवाळ माजते, मरून तळाशी बसते आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटर समुद्रतळ असा निर्जीव होतो. मासे निघून जातात, तळाला चिकटून राहणारे जीव गुदमरून मरतात आणि मच्छीमाराला कोळंबीसाठी दूर जावे लागते. त्याचे हे नुकसान मक्याच्या भावात कुठेही धरलेले नसते.

मग शेतकरी खत कमी का करत नाही? उत्पादन वाढले की भाव उतरतात, आणि तेवढ्याच मिळकतीसाठी त्याला आणखी पिकवावे लागते. संकरित वाणाचे घरचे बी पुढच्या पिढीत एकसारखे उतरत नाही, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. एकच तणनाशक वर्षानुवर्षे फवारल्याने न मरणारी तणे उरतात आणि फवारणीचा खर्च चढतो. ज्याच्याकडे जमीन थोडी, तो या ओढाताणीत आधी मोडतो आणि त्याची जमीन मोठ्या शेतात जाते.

कडधान्यांची फेरपालट, खताचे विभागून दिलेले हप्ते, नदीकाठी राखलेला गवताचा पट्टा हे उपाय जुने आणि पारखलेले आहेत. परंतु त्यांत पहिली काही वर्षे उत्पन्न घटण्याची जोखीम असते. ती आज एकट्या शेतकऱ्याने उचलायची असते, आणि कर्जाचा हप्ता त्या काळात थांबत नाही.