‘प्रत्येकाशी’ म्हणजे नक्की कुणाकुणाशी?

(भांडुपमधल्या एका शाळेत जूनच्या पालकसभेत एका निवृत्त शिक्षिकेने केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि छत्र्या त्या कोपऱ्यात ठेवा प्लीज, लादी ओली झाली की मावशींनाच परत पुसावी लागते.

शाळेतल्या वागण्याबद्दल पालकांशी बोला असं मला सांगितलंय. बोलते, पण मुलांबद्दल कमी आणि आपल्या मोठ्यांबद्दल जास्त बोलणार आहे, कारण सत्तावीस वर्षं वर्गात काढल्यावर मला एवढं कळलंय की मुलं आपण सांगतो ते अर्धंच ऐकतात आणि आपण बोलतो ते पूर्ण उचलतात.

परिपाठाला प्रतिज्ञा होते ना, तुम्हाला सगळ्यांना पाठ असेल. मूळ तेलुगूतली आहे ती, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिली, बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असते. त्यात आहे, पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन. आपण ते इतक्या घाईत म्हणून टाकतो की ‘प्रत्येकाशी’ हा शब्द निसटूनच जातो. प्रत्येकाशी म्हणजे बाथरूम धुणाऱ्या मावशी आल्या, व्हॅनवाले काका आले, वॉचमन आले, आणि ज्याला मराठी अजून नीट जमत नाही तो शेजारच्या बाकावरचा मुलगाही आला.

आता आपलं साडेबाराचं गेट डोळ्यासमोर आणा. सकाळचं अधिवेशन सुटतंय, दुपारचं आत येतंय, रिक्षा, स्कूटर, वर पाऊस, आणि त्यात वॉचमन सांगतोय गाडी मागे घ्या. गेल्या आठवड्यात मी तिथे उभी होते, एक बाबा त्याला म्हणाले, ए, तू कोण मला सांगणारा, आणि मागे सीटवर त्यांची तिसरीतली मुलगी बसलेली, ती वडिलांकडे नाही, त्या वॉचमनच्या तोंडाकडे बघत होती. त्यांना घाई असेल, ऑफिसला लेट होत असेल, मी समजू शकते. पण उद्या हीच मुलगी शिपाई मामांना अरे-तुरे करेल तेव्हा आपण बाईंना विचारणार, शाळेत हेच शिकवता का.

चूक फक्त पालकांची असते असं मी अजिबात म्हणणार नाही. एक गोष्ट मला आजही झोप लागू देत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या एका शाळेत, फी बाकी असलेल्या मुलांची नावं मी वर्गात मोठ्याने वाचायचे आणि उभं करायचे. तशी पद्धतच होती, मीही केलं. सहावीतला एक मुलगा त्यानंतर चार दिवस आलाच नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेले, डोंगरावरची वस्ती, पायऱ्या पायऱ्या चढून, त्याची आई म्हणाली बाई पैसे पंधरा तारखेला येतात, तुम्ही मला बोलला असता तरी चाललं असतं. बस्स. ओरडली नाही, काही नाही, मला पाणी दिलं. त्यानंतर मी कुणाचं नाव तसं वाचलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, त्यात मारायला बंदी आहे हे सगळ्यांना माहिती असतं, पण मानसिक छळालाही बंदी आहे हे फार कमी जण लक्षात घेतात. चारचौघांत अपमान करणं हे त्यातलंच आहे, असं मी मानते.

मग टोपणनावं. जाड्या, काळ्या, बाटली, आणि आपल्या मुंबईत सर्रास चालतं ते ‘ए भैय्या’. अहो, महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून शिकवतात, हे शहरच तसं आहे, आणि आपल्या पोरांनी भाषेवरून माणसाची किंमत करायची? त्याहून मला टोचतं ते आडनाव. चौथीतला मुलगा नव्या मुलाला विचारतो, आडनाव काय तुझं, आणि उत्तर ऐकून चेहरा बदलतो. हे चौथीतल्या मुलाला आपोआप येत नाही हो, हे जेवताना आपल्या बोलण्यातून येतं. मुलं घरी आली की नवीन मित्राला काय आवडतं, कुठे राहतो, काय खेळतो असं विचारा ना, आडनावापासून का सुरुवात करायची.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं थोडक्यात सांगते. दुसऱ्याच्या मुलाचं नाव किंवा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, काहीही झालं तरी. रात्री अकराला दीडशे जण वाचतात, सकाळी ते पोर वर्गात येतं तेव्हा सगळ्यांना त्याची ‘भानगड’ माहिती असते, त्यालाच माहिती नसते. आधी वर्गशिक्षकांना भेटा, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, तक्रारपेटीही आहे.

आणि नीट बोला म्हणजे गप्प बसा असा अर्थ कुणी काढू नका. मुलाच्या अंगाला कुणी हात लावला, घाणेरडं काही केलं, तर तिथे शाळेचं नाव वगैरे सांभाळत बसायचं नाही, पोलिसांना सांगायचं. २०१२ चा पॉक्सो कायदा तेच सांगतो, माहिती असून लपवणं हाच गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांना आजच पाठ करून घ्या, आपल्या मोबाइल नंबरसारखा.

बाईंना प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहेच, फक्त मुलासमोर ‘तुमच्या बाईंना काही येत नाही’ असं म्हणू नका, कारण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच बाईंसमोर पाच तास बसायचं असतं.

गेटचं एक काम राहिलंय. साडेबाराला दोन पालक उभे राहिले तर वॉचमनला मदत होईल, सकाळच्या मुलांना छोट्या गेटने काढता येईल आणि गर्दी होणार नाही. सोमवारी कोण येतंय, हात वर करा, मी नावं लिहून घेते.