1885 ची ब्रिटिश निवडणूक : बेरजेआड लपलेला निकाल

मित्रहो, 1885 च्या ब्रिटिश निवडणुकीचा निकाल कोणत्याही पुस्तकात एका ओळीत सापडतो. 670 जागा, त्यांत अपक्ष धरून उदारमतवादी 335, हुजूर पक्ष 249 आणि पार्नेलचे आयरिश राष्ट्रवादी 86. दोन मोठ्या पक्षांमधला फरक किती? बरोबर 86. पार्नेल एका बाजूला गेला तर बरोबरी, दुसऱ्या बाजूला गेला तर उदारमतवाद्यांचा नेता ग्लॅडस्टन याचे भक्कम सरकार. पण हे कसे घडले ते या ओळीवरून कळत नाही. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत शिरावे लागते आणि आज मला तेच करायचे आहे.

आदल्या वर्षी मताधिकाराचा कायदा झाला होता. शहरांतल्या कामगार कुटुंबप्रमुखांना 1867 मध्ये मत मिळाले, पण खेड्यातला शेतमजूर बाहेरच राहिला होता. तो आता आत आला आणि मतदार तीसएक लाखांवरून 57 लाखांच्या आसपास गेले. बायकांना मत नव्हते, पुष्कळ पुरुषांनाही नव्हते. त्यातच मतदारसंघांची नवी आखणी झाली, लहान गावांच्या स्वतंत्र जागा गेल्या आणि बहुतेक ठिकाणी एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी असा नियम आला.

मतदान 24 नोव्हेंबरला सुरू झाले आणि 18 डिसेंबरपर्यंत चालले. आपल्याकडेही टप्प्याटप्प्याने मतदान होते, पण मतपेट्या बंद राहतात. तिथे जिथले मतदान उरकले तिथला निकाल लगेच बाहेर. आधी शहरे, मग ग्रामीण भाग. त्यामुळे पहिल्या आठवड्यात उदारमतवाद्यांची दाणादाण उडाल्याचे चित्र होते. मँचेस्टरच्या सहापैकी पाच जागा हुजूर पक्षाने घेतल्या. लंडनमध्येही त्यांचीच सरशी झाली. व्यापारातली मंदी हे त्याचे एक कारण. दुसरे कारण पार्नेल. मतदानाला तीन दिवस राहिले असताना त्याच्या पक्षाने इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या आयरिश मतदारांना सांगितले, उदारमतवाद्यांना पाडा.

लिव्हरपूल पाहा. दुष्काळात घरदार सोडून आलेली आयरिश कुटुंबे तिथल्या गोदीभोवती दाटीवाटीने राहत होती. शहराच्या नऊ जागांपैकी आठ हुजूर पक्षाला गेल्या. नववी होती स्कॉटलंड डिव्हिजन, त्याच नावाच्या रस्त्यालगतची वस्ती. तिथून टी. पी. ओ'कॉनर हा आयरिश राष्ट्रवादी निवडून आला आणि पुढे 1929 मध्ये मरेपर्यंत ती जागा त्याच्याकडेच राहिली. आयर्लंडातले 85 आणि हा एक, असे ते 86 होतात.

मग ग्रामीण भागांचे निकाल यायला लागले आणि वारे फिरले. तीन एकर जमीन आणि एक गाय या घोषणेवर शेतमजुरांनी उदारमतवाद्यांना भरभरून मते दिली. नॉर्फकच्या वायव्य भागातून जोसेफ आर्च निवडून आला. लहानपणी शेतात पाखरे हाकणारा, मोठेपणी कुंपणे छाटणारा आणि मजुरांची संघटना बांधणारा हा माणूस. युवराजांची सँड्रिंगहॅमची जहागीर त्याच्याच मतदारसंघात होती! मला या निवडणुकीतला हा निकाल सगळ्यांत प्रिय आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात खंड आणि बेदखली यांनी गांजलेल्या कुळांनी जमीनदारांना न जुमानता आपले चार उमेदवार निवडून आणले. वेल्स बहुतेक सगळा उदारमतवाद्यांचाच राहिला.

आयर्लंडचे चित्र मात्र या सगळ्याहून वेगळे होते. तिथल्या 103 जागांपैकी उदारमतवाद्यांना एकही मिळाली नाही. दक्षिणेत आणि पश्चिमेत राष्ट्रवाद्यांसमोर उभे राहिलेल्यांपैकी काहींना शंभर मतेसुद्धा पडली नाहीत. हुजूर पक्षाच्या 18 जागांपैकी दोन डब्लिन विद्यापीठाच्या आणि 16 अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतातल्या. अल्स्टरमध्ये राष्ट्रवादी 17, हुजूर 16. होमरूल, म्हणजे आपला कारभार आपल्या हाती, हवे असे आयर्लंडने ठणकावून सांगितले, पण ईशान्येच्या कोपऱ्याने तितक्याच ठामपणे नकार दिला. आयर्लंडची पुढची फाळणी या आकड्यांत आधीच ठरून गेली होती असे मी म्हणणार नाही, पण तिची रेघ त्यात दिसते. ग्लॅडस्टनने त्या 85 जागांचा कौल ऐकला आणि 16 जागांचा पुरेसा ऐकला नाही, असे माझे मत आहे. 1886 च्या जूनमध्ये त्याचे होमरूल विधेयक पडले ते स्वतःच्याच पक्षातल्या फुटीमुळे.

या रणधुमाळीत आपली माणसेही होती. मुंबईतून नारायण गणेश चंदावरकर, बंगालमधून मनमोहन घोष आणि मद्रासहून रामस्वामी मुदलियार असे तिघे मुद्दाम इंग्लंडला गेले आणि हिंदुस्थानचे गाऱ्हाणे मतदारांपुढे मांडत सभा घेत फिरले. चंदावरकर तेव्हा तिशीच्या आतले. 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी बाजूचे ते संपादक होते. लालमोहन घोष तर डेटफर्डमधून उदारमतवाद्यांचे उमेदवार म्हणून उभेच राहिले आणि हरले. हिंदुस्थानमंत्री लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल बर्मिंगहॅममध्ये जॉन ब्राइटकडून पडले, पण लगोलग लंडनच्या साउथ पॅडिंग्टनमधून निवडून आले. त्याच दिवसांत ब्रिटिश फौजा मंडालेत शिरत होत्या. ब्रह्मदेशावरच्या स्वारीमागे याच चर्चिल यांचा आग्रह होता.

आयर्लंडच्या हाती 103 जागा होत्या म्हणून त्याच्या प्रश्नावर मंत्रिमंडळे कोसळली. हिंदुस्थानच्या हाती एकही नव्हती. चंदावरकरांच्या सभांना टाळ्या मिळाल्या असतील, पण त्या टाळ्यांमागे हिंदुस्थानचा म्हणून एकही मतदारसंघ नव्हता. म्हणूनच दादाभाई नौरोजी पुढच्याच वर्षी लंडनमधल्या होबर्नमधून उभे राहिले. तिथे पडल्यावर त्यांनी सेंट्रल फिन्सबरी हा एकच मतदारसंघ धरून वर्षानुवर्षे बांधणी केली आणि 1892 मध्ये हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांच्या फरकाने ते पार्लमेंटात पोहोचले.