'पोर्ट'चे गोत्र

आकाशवाणी सांगलीच्या श्रोत्यांना, विशेषतः इंग्रजीच्या शब्दपाठांतराने दमलेल्या विद्यार्थ्यांना नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती भरलेल्या ट्रकांच्या आसपास 'ट्रान्सपोर्ट' हा शब्द पाट्यांवर दिसतो, तासगावचे द्राक्षबागायतदार 'एक्स्पोर्ट'च्या मालाविषयी बोलतात आणि मिरज जंक्शनवरील हमालाला इंग्रजीत 'पोर्टर' म्हणतात. या तिन्ही शब्दांच्या मुळाशी 'पोर्तारे', म्हणजे वाहून नेणे, हे एकच लॅटिन क्रियापद आहे. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, 'एक्स' म्हणजे बाहेर; आत या अर्थाच्या 'इन'पुढे 'प' आला की उच्चाराच्या सोयीसाठी त्याचा 'इम' होतो आणि 'इम्पोर्ट' तयार होतो.

इथवर अर्थ सरळ आहे. पण 'रिपोर्ट' आणि 'सपोर्ट' या शब्दांपाशी जरा थांबायला हवे. 'रि' म्हणजे परत, म्हणून घडलेल्या गोष्टीची हकिकत वाहून परत आणणे तो रिपोर्ट. 'सब' म्हणजे खालून. 'प'पुढे त्याचा 'सप' होतो, आणि खालून भार पेलून धरणे या अर्थातूनच आधार, पाठिंबा हे अर्थ आले. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले आहे त्यांना येथे 'हृ' धातू आठवेल. त्याचाही अर्थ नेणे असाच आहे, आणि आहार, प्रहार, संहार, परिहार या शब्दांत केवळ उपसर्ग बदलल्याने अर्थ किती दूर जातो, हे आपल्याला नवे नाही. म्हणूनच मराठी मुलांना ही रीत परकी वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र 'पोर्ट' दिसला की वाहणेच, असे समजू नये. 'एअरपोर्ट'मधील 'पोर्ट' बंदर या अर्थाच्या 'पोर्तुस'पासून आला आहे. 'ऑपॉर्च्युनिटी'च्या मुळाशीही तेच बंदर आहे, कारण जहाजाला बंदराकडे नेणारा अनुकूल वारा, या कल्पनेतून संधी हा अर्थ निघाला. इमारतीच्या द्वारपालालाही इंग्रजीत 'पोर्टर'च म्हणतात, पण तो शब्द दार या अर्थाच्या 'पोर्ता'पासून आलेला आहे. अशा वेळी अंदाजावर न विसंबता, व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडावा.

या आठवड्यात विद्यार्थ्यांनी लिहिणे या अर्थाचे 'स्क्रिबेरे' हे क्रियापद घ्यावे, डॉक्टरांच्या 'प्रिस्क्रिप्शन'पासून सुरुवात करावी आणि 'डिस्क्राइब', 'सबस्क्राइब', 'इन्स्क्रिप्शन' यांतील प्रत्येक उपसर्ग कोणते काम करतो, ते वहीत लिहून काढावे. नमस्कार.