कॉटनशी न जुळणारी शाई

(दृश्य: छपाईचा गाळा. भिंतीला टेकवलेले टी-शर्टचे गठ्ठे, हीट प्रेसच्या पडद्यावर १९५ चा आकडा.)

दहीहंडी महिनाभरावर आली की छपाईच्या गाळ्यांतले फोन थांबत नाहीत. पाठीवर मंडळाचं नाव, छातीवर बाळकृष्ण, त्याखाली देणगीदाराचा हसरा फोटो. आणि फोन ठेवता ठेवता एक अट हमखास येते: "दादा, टी-शर्ट कॉटनचाच पाहिजे हां. पण छपाई ड्रायफिटसारखी करा, हाताला लागायला नको."

या एका वाक्यात दोन मागण्या आहेत आणि त्यांचं एकमेकींशी जमत नाही.

ड्रायफिटची जर्सी म्हणजे पॉलिस्टर. तिच्यावर चालते ती सब्लिमेशनची शाई. या शाईतले रंग डिस्पर्स जातीचे असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, त्यांचे अगदी बारीक कण पाण्यात नुसते तरंगत असतात. १९२० च्या दशकात अ‍ॅसिटेट नावाचा कृत्रिम धागा आला आणि नेहमीचे रंग त्याला धरेनात, तेव्हा हे रंग तयार झाले. पुढे १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टरचा धागा काढला. त्यालाही हेच रंग मानवले. कापूस त्यांच्या हिशेबात पहिल्यापासून नव्हताच.

(दृश्य: प्रिंटरमधून सरकत येणारा कागद, जवळून.)

कागदावर उमटलेलं चित्र बघा. उलटं, आणि रंग इतके मरगळलेले की नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, शाई संपत आली. काळा तर काळा दिसतच नाही. हा कागद पॉलिस्टरवर पालथा ठेवायचा, वर बटर पेपर, आणि प्रेस खाली. १९० ते २०० अंश, पाऊण ते एक मिनिट. एवढ्या उष्णतेत शाईतला रंग न वितळता थेट वायू होतो, कापराचा होतो तसा. त्याच वेळी पॉलिस्टरचे रेणू सैल पडलेले असतात. रंगाचा वायू त्यांच्यात शिरतो, कापड निवतं, वाट बंद होते. रंग आता धाग्याच्या आत. म्हणून हाताला काही लागत नाही, आणि धुण्यानं जात नाही.

आता हाच कागद कॉटनवर. प्रेस उघडल्यावर चित्र दिसतं, नाही असं नाही. फिकट, पण दिसतं. फसगत इथेच होते. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. कोरड्या उष्णतेत तो पॉलिस्टरसारखा सैल होत नाही आणि या रंगाला आत घेत नाही. रंग वरच्यावर बसून राहतो आणि पहिल्याच धुण्यात बराचसा मोरीत जातो. तापमान वाढवून बघितलं तर रंग गडद होत नाही, कापड मात्र पिवळं पडतं.

(दृश्य: टेबलावर दोन कोरे पांढरे कागद शेजारी शेजारी.)

मग येतो ट्रान्सफर पेपर. निम्मा घोळ या दोन कागदांच्या सारखेपणाचा आहे. सब्लिमेशन पेपर फक्त रंग सोडतो आणि रिकामा होतो. ट्रान्सफर पेपरवर प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो वितळून चित्रासकट कॉटनला चिकटतो. तो बनवलाय साध्या इंकजेटसाठी, त्यातही पिगमेंट शाई (रंगाचे घन कण असलेली) चांगली. कुणी त्यावर सब्लिमेशन शाईनं छापलंच तर रंग त्या थरात शिरतो आणि खुलतोही. पण गरम थरात तो जागेवर थांबत नाही. बारीक अक्षरांच्या कडा फुगतात, पुन्हा इस्त्री फिरली की आणखी पसरतात. शिवाय थर बोटाला लागतो, ताणला की तडकतो. याला "कॉटनवर सब्लिमेशन" म्हणून विकणं, माझ्या मते, गिऱ्हाइकाला अर्धीच गोष्ट सांगणं आहे. रंग कॉटनवर नसतोच, तो कॉटनवर चिकटवलेल्या प्लास्टिकवर असतो. कॉटनसाठी मिळणारे स्प्रे आणि पावडरी यांचंही तेच. चार-सहा नगांना ठीक, मंडळाच्या ऑर्डरला नाही.

काळ्या टी-शर्टवर तर सब्लिमेशनचा विचारच नको. ही शाई पारदर्शक असते आणि नेहमीच्या सब्लिमेशन प्रिंटरमध्ये पांढरा रंग नसतो.

कॉटनच हवा असेल तर रस्ते वेगळे आहेत. एक-दोन रंगांचं नाव आणि नग भरपूर, तर जुनी स्क्रीन छपाईच परवडते. फोटो असेल तर डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट टू फिल्म: फिल्मवर रंग, त्यावर पांढरी शाई, मग चिकट पावडर, आणि प्रेस. हाताला ती लागतेच, हे ऑर्डर घेतानाच सांगून टाकावं.

(दृश्य: काउंटर. चिमट्यात धरलेला एक धागा आणि काडेपेटी.)

गठ्ठ्यावर "कॉटन" लिहिलंय म्हणून जुने कारागीर विश्वास ठेवत नाहीत. शिवणीचा दोरा नाही, आतल्या बाजूनं कापडाचाच एक धागा ओढतात आणि काडी लावतात. कापूस भुरुभुरु जळतो, कागद जळाल्याचा वास येतो, राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. कधी राखही दिसते आणि मणीही. म्हणजे माल मिक्स. तिथे सब्लिमेशन फक्त पॉलिस्टरच्या वाट्याला लागतं आणि धुतल्यावर चित्र जुनाट, विटकं दिसतं. कॉलेजच्या पोरांना तो लूक आवडतो, ते मुद्दाम मागतात. देणगीदाराचा फोटो असेल तर मात्र आधी एक नमुना छापून, दोनदा धुऊन, मगच होकार द्यावा.